अवधान आणि व्यवधान : जुन्या मोटारीतील मोकळ्या हातांची गोष्ट

मुरुड हे लातूर-बार्शी रस्त्यावरचे मोठे गाव. कोकणातील मुरुडशी त्याचा संबंध केवळ नामसाम्यापुरता. या गावी राहणाऱ्या आमच्या एका प्राध्यापक स्नेह्यांनी निवृत्तीनंतर पुण्याहून एक जुनी, उंची जर्मन मोटार विकत आणली. आयुष्यभर एसटीने आणि नंतर दुचाकीने लातूरला ये-जा केलेल्या माणसाची ती हौस होती, आणि हौसेला हिशेब विचारू नये. मोटार वीसएक वर्षांची. कातडी आसने सुरकुतलेली, पण इंजिन दमदार. पुढच्या दोन आसनांच्या मधल्या खणाचे झाकण उघडले की आत एक रिकामा साचा दिसे. कधीकाळी विशिष्ट बनावटीचा मोबाईल त्यात बसवला जाई. तो फोन आता नव्हता. स्टिअरिंगवरची, फोन उचलण्याची आणि ठेवण्याची हिरवी-तांबडी बटणे मात्र शाबूत होती. ती दाबली असता काहीच घडत नसे.

सरांचे म्हणणे असे की ही बटणे पुन्हा बोलती झाली पाहिजेत. खिशातला आजचा फोन खिशातच राहावा, हात चाकावर राहावेत आणि संभाषण मोटारीच्या ध्वनिवर्धकांतून व्हावे. मागणी साधी होती. परंतु तिच्या मागे गेले असता एक लांबलचक इतिहास हाती लागतो, आणि तो यंत्रांचा आहे त्याहून अधिक माणसाच्या अवधानाचा आहे. कोणाचे हात मोकळे झाले, कोणाच्या जिवावर झाले आणि हात मोकळे झाले म्हणजे मन मोकळे झाले का, असे तीन प्रश्न त्यात एकापुढे एक उभे राहतात.

‘हँड्सफ्री’ या शब्दाला मराठीत अद्याप रुळलेला प्रतिशब्द नाही. टेलिफोनला सावरकरांनी ‘दूरध्वनी’ दिला, त्याच वळणावर पुढे मोबाईलचा ‘भ्रमणध्वनी’ झाला. पण हात मोकळे ठेवून बोलण्याच्या सोयीपाशी आपली शब्दनिर्मिती थांबली. ‘हातमोकळा’ म्हणावे तर अडचण अशी की मराठीत मोकळ्या हाताचा माणूस म्हणजे सढळ खर्च करणारा. हा अर्थ येथे अगदीच गैरलागू नाही, हे पुढे दिसेल.

*

हा सारा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. तेव्हा उंची मोटारीची गोष्ट तेथूनच सुरू करणे योग्य. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांनी रोल्स-रॉइस कंपनीची ‘सिल्व्हर घोस्ट’ मोटार मागवली होती. १९११ साली त्यांचे निधन झाले आणि मोटार आली ती सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांच्या दारी. बार्कर या इंग्लिश कारागीर कंपनीने तिच्यावर सिंहासनासारखे उंच आसन चढवले होते. हैदराबादच्या चौमहल्ला राजवाड्यात ती आजही पाहावयास मिळते. योगायोग असा की त्याच १९११ साली बार्शी लाइट रेल्वेची अरुंद रुळांची गाडी लातूरपर्यंत पोहोचली. राजधानीत सिंहासन चार चाकांवर चढत असताना आमच्याकडच्या रयतेला कापसाच्या गाठींसोबत प्रथमच आगगाडी मिळत होती.

त्या काळच्या बंदिस्त उंची मोटारींत मालक मागे बसे आणि चालक पुढे, मध्ये काच. काचेपलीकडे हुकूम पोहोचवण्यासाठी बोलनळी असे. मालकाने आपल्या बाजूच्या तोंडात बोलावे, शब्द चालकाच्या कानाशी उमटावेत. काही मोटारींत तर बोलण्याचेही कष्ट नसत. मालकाने कळ दाबली की चालकासमोरच्या फलकावर ‘डावीकडे’, ‘उजवीकडे’, ‘थांब’ अशा सूचना उजळत. ही व्यवस्था बहुधा एकमार्गी होती. चालकाने काही विचारावे, रस्ता वाईट आहे असे सांगावे, अशी अपेक्षाच नव्हती.

मोटारीतील पहिले ‘हँड्सफ्री’ हेच, असे माझे म्हणणे आहे. मालकाचे हात मोकळे होते, कारण दुसऱ्या कोणाचे हात चाकाला बांधलेले होते. रस्त्याचे अवधान ही पगारावर ठेवलेल्या माणसाची जबाबदारी होती. त्याच काळात मुरुड-लातूरच्या वाटेवरच्या बैलगाडीत वेगळे दृश्य दिसले असते. गाडीवान आणि उतारू यांच्यात काच नव्हती. दोघेही तीच वाट पाहत, तिच्याबद्दलच बोलत आणि ओढ्याचा उतार आला की दोघेही आपसूक गप्प होत. हे गप्प होणे वाचकांनी ध्यानात ठेवावे. या लेखाचा सारा भार अखेरीस त्यावरच येणार आहे.

*

टेलिफोन मोटारीत शिरला तो १९४६ साली. त्या वर्षीच्या १७ जूनला अमेरिकेतील सेंट लुइस शहरात बेल कंपनीने मोटारीतून फोन करण्याची सेवा सुरू केली. यंत्र ८० पौंड वजनाचे, म्हणजे ३६ किलोंच्या आसपास. त्याचा मोठा भाग डिकीत ठेवावा लागे. जोडणी ऑपरेटर करून देई, आणि बोलताना बटण दाबून ठेवावे लागे. स्वीडनमध्ये १९५६ साली स्वयंचलित जोडणीची सेवा आली. तेथील यंत्राचे वजन ४० किलोंच्या घरात होते. एवढे ओझे आणि एवढा खर्च उंची मोटारींनाच पेलणारा होता. त्यामुळे मोटारीतला फोन हे प्रथमपासून श्रीमंतीचे लक्षण ठरले. मार्टिन कूपर यांनी ३ एप्रिल १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या रस्त्यावर हातातल्या फोनवरून पहिला संवाद साधला तेव्हा फोनने मोटार सोडून माणसाचा हात धरला. पुढची पन्नास वर्षे तो हात सोडवण्याचा प्रयत्न चालू आहे.

आपल्याकडे हा क्रम निराळा. भारतातील पहिला मोबाईल संवाद झाला ३१ जुलै १९९५ रोजी, कोलकात्याहून मुख्यमंत्री ज्योती बसू आणि दिल्लीतून दूरसंचारमंत्री सुखराम यांच्यात. गर्दीच्या वेळी मिनिटाला १६ रुपयांहून अधिक दर होता आणि आलेल्या फोनचेही पैसे मोजावे लागत. असा फोन कोणी मोटारीत निवांत गप्पांसाठी वापरणार नव्हता. काम सांगावे आणि बंद करावा, हाच रिवाज. १ मे २००३ पासून आलेल्या फोनचे शुल्क गेले, दर उतरले आणि संभाषणे लांबली. हात मोकळे ठेवण्याची गरज सर्वसामान्य चालकाला भासू लागली ती या स्वस्ताईनंतर. महाग शब्द माणसे तोलून वापरतात. फुकटचा शब्द वाहनाच्या वेगाशीही जुळवून घेत नाही.

मोबाईल आला त्याच वर्षी, १९९५ साली, पुण्यात टेल्कोच्या साहाय्याने मर्सिडीझ-बेंझ मोटारींची जुळणी सुरू झाली. मराठवाड्याच्या वाट्याला ही चकाकी मोठ्या प्रमाणावर आली ऑक्टोबर २०१० मध्ये. तेव्हाच्या औरंगाबादेतील, आताच्या छत्रपती संभाजीनगरातील, उद्योजक-व्यावसायिकांनी एकत्र येऊन सुमारे १५० मर्सिडीझ मोटारी एकदम खरेदी केल्या. किंमत ६५ कोटी रुपयांच्या घरात. स्टेट बँकेने ४० कोटींहून अधिक कर्ज सात टक्के व्याजाने दिले. पत्रकार पी. साईनाथ यांनी त्या वर्षअखेरीस या घटनेवर लिहिताना शेतकऱ्याच्या ट्रॅक्टरच्या कर्जाला याहून बराच चढा दर पडतो, हे दाखवून दिले होते. आत्महत्यांच्या बातम्यांनी काळवंडलेल्या प्रदेशात ही खरेदी कौतुकाची की लाजेची, यावर तेव्हा पुष्कळ चर्चा झाली. मोकळ्या हाताचा मराठी अर्थ येथे पुरता लागू पडतो.

त्या मोटारींना आता पंधरा वर्षे होऊन गेली. उंची मोटार पहिल्या मालकाकडे फार काळ टिकत नाही. ती विकली जाते, शहरातून तालुक्याला येते, उद्योजकाकडून कंत्राटदाराकडे, तेथून एखाद्या हौशी प्राध्यापकाकडे. प्रत्येक टप्प्यावर तिची किंमत उतरते. दुरुस्तीचा खर्च मात्र उतरत नाही. आणि तिच्यातले जे अंग सर्वांत आधी मरते ते इंजिन नव्हे, फोन.

*

याचे कारण समजण्यासारखे आहे. मोटार वीस-पंचवीस वर्षे चालावी म्हणून घडवलेली असते. फोनचे आयुष्य तीन-चार वर्षांचे. ज्या काळी मर्सिडीझसारख्या मोटारींच्या मधल्या खणात नोकियाच्या ६३१०आय या फोनसाठी साचा मिळे, त्या काळी तो फोन चिरंतन वाटत होता. शिवाय फोन जिवंत ठेवला तरी त्याचे जाळे नष्ट होऊ शकते. अमेरिकेत १८ फेब्रुवारी २००८ नंतर ॲनालॉग सेवा चालू ठेवण्याचे कंपन्यांवरील बंधन संपले आणि असंख्य मोटारींतले कारखान्यातूनच बसवून आलेले फोन निव्वळ शोभेचे झाले. आपल्याकडे २०१६ साली आलेल्या जिओच्या जाळ्यात दुसऱ्या पिढीची सेवा मुळातच नाही. जुन्या साच्यातला जुना फोन त्या सिमकार्डावर बोलू शकत नाही. लिपी शाबूत आणि ती वाचणारे कोणी नाही, अशी शिलालेखाची अवस्था या बटणांची होते.

मग उपाय काय? सर्वांत स्वस्त उपाय लायटरच्या भोकात खोचण्याचा छोटा प्रक्षेपक. तो फोनचा आवाज रेडिओच्या एखाद्या रिकाम्या वारंवारतेवर सोडतो. खर्च कमी, खरखर फार. दुसरा उपाय, चालकासमोरच्या सावलीच्या झडपेला चिमट्याने अडकवायचा स्वतंत्र ध्वनिवर्धक. तिसरा, डॅशबोर्डमधला मूळ रेडिओच उपटून तेथे मोठा अँड्रॉइड पडदा बसवणे. लातुरात हा उपाय सर्रास सुचवला जातो. आणि चौथा, सर्वांत किचकट : मूळ यंत्रणेच्या आत, तिला न दुखवता, नवा ब्लूटूथ घटक असा बसवणे की मोटारीला तो आपलाच जुना फोन वाटावा.

या चौथ्या मार्गातली मेख अशी. १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून अनेक जर्मन उंची मोटारींत रेडिओ, फोन आणि ध्वनिवर्धन हे तांब्याच्या तारांऐवजी प्रकाशतंतूंच्या वर्तुळाने जोडलेले आहेत. संदेश एका घटकातून दुसऱ्यात, असा फेरी मारत जातो. एक दुवा तुटला की सगळे वर्तुळ मुके होते. सरांच्या मोटारीचे काम ज्या तरुण वायरिंगवाल्याने केले, तो पहिल्या दिवशी तासभर नुसता बसून होता. सरांनी विचारले तेव्हा म्हणाला, “बघा सर, नव्या गाडीची वायर तोडून जोडता येते. ही आधी वाचावी लागती.”

साहित्याच्या अभ्यासकांना हे वाक्य ओळखीचे वाटावे. जुन्या पोथीत नंतरच्या हातांनी घातलेल्या ओव्यांना आपण प्रक्षेप म्हणतो, आणि पाठचिकित्सेचे निम्मे कष्ट ते ओळखण्यात जातात. प्रक्षेप करणारा प्रत्येकजण लबाड होता असे नाही. अनेकांना पोथी आपल्या काळात बोलती राहावी असेच वाटत होते. प्रश्न एवढाच की त्याने मूळ पाठ वाचून घातला की पान फाडून घातला. डॅशबोर्ड उपटून बसवलेला पडदा हा पान फाडण्याचा प्रकार. मूळ वर्तुळात बसलेला घटक हा वाचून केलेला प्रक्षेप. तो पुढेमागे काढता येतो आणि काढला तरी मूळ संहिता जागच्या जागी असते.

ध्वनीचा प्रश्न वेगळाच. मोटारीच्या पोकळीत पलीकडच्याचा आवाज ध्वनिवर्धकातून बाहेर पडतो, काचांवर आपटतो आणि मायक्रोफोनमध्ये शिरून बोलणाऱ्याकडेच परत जातो. स्वतःचे शब्द अर्ध्या क्षणाने ऐकू आले की माणूस अडखळतो. हा प्रतिध्वनी ओळखून वजा करण्याची, आणि परिस्थिती बदलेल तसे स्वतःला बदलत नेण्याची युक्ती १९६० च्या दशकात बेल प्रयोगशाळेत आकाराला आली. भारतीय वंशाचे मनमोहन सोंधी यांचा १९६७ सालचा निबंध त्यातला पायाभूत मानला जातो. ती युक्ती मूळची दूर अंतराच्या टेलिफोन तारांसाठी होती. मोटारीच्या बंद काचांआड ती तितकीच आवश्यक ठरली. म्हणून मायक्रोफोन ध्वनिवर्धकापासून दूर, चालकाच्या तोंडाजवळ, छताच्या दिव्यापाशी बसवतात.

आणि ब्लूटूथ हे नाव तर थेट वाङ्मयातून आले. १९९७ साली इंटेलचे जिम कार्डाक आणि एरिक्सनचे स्वेन मॅटिसन यांच्या गप्पांत इतिहासाचा विषय निघाला. मॅटिसन यांनी फ्रान्स बेंग्टसन यांच्या, १९४० च्या दशकातील एका स्वीडिश कादंबरीचा उल्लेख केला. तिच्यात दहाव्या शतकातील डेन्मार्कचा राजा हाराल्ड ब्लाटांड येतो. ब्लाटांड म्हणजे निळा दात. विखुरलेल्या डेन लोकांना त्याने एकत्र आणले, तशी ही यंत्रणा वेगवेगळ्या उपकरणांना एकत्र आणील, म्हणून कार्डाक यांनी तात्पुरते नाव सुचवले आणि तेच कायम झाले. त्या चिन्हात हाराल्डच्या आद्याक्षरांच्या दोन प्राचीन रून लिप्याकृती जोडलेल्या आहेत. मुरुडच्या अंगणात उभ्या असलेल्या मोटारीच्या पडद्यावर तो निळा रून प्रथम उजळला, तेव्हा सरांनी वायरिंगवाल्या पोराला ही सारी कथा सांगितली. तो म्हणाला, “म्हंजे राजा हाय होय ह्यो!”

*

येथपर्यंतची गोष्ट यशाची आहे. पण पहिल्या प्रकरणात टाकलेला तिसरा प्रश्न शिल्लक आहे.

१९९७ साली टोरोंटोचे रेडेलमायर आणि टिबशिरानी यांनी अपघात झालेल्या ६९९ चालकांची फोनबिले तपासली. फोन चालू असताना अपघाताचा धोका सुमारे चौपट आढळला, आणि हात मोकळे ठेवणाऱ्या फोनमुळे तो कमी होतो असे दिसले नाही. २००१ मध्ये यूटा विद्यापीठातील स्ट्रेयर आणि जॉन्स्टन यांनी प्रयोगशाळेत तेच पाहिले : हातात धरलेला असो वा नसो, फोनवर बोलणाऱ्यांकडून इशारे दुपटीने निसटले. पुढच्या प्रयोगांत असेही आढळले की चालकाची नजर फलकावर खिळलेली असली तरी तो फलक त्याच्या स्मरणात राहत नाही. डोळे पाहतात आणि मन पाहत नाही. त्याच विद्यापीठातील २००८ सालचा प्रयोग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. त्यात फोनवर बोलणारे चालक आणि शेजारी बसलेल्या मित्राशी बोलणारे चालक यांची तुलना होती. ठरलेल्या ठिकाणी वळायचे होते. फोनवर बोलणाऱ्यांपैकी निम्मे ते वळण चुकले. शेजाऱ्याशी बोलणारे बहुतेक सगळे नीट वळले. शेजारी रस्ता पाहत असतो. गर्दी वाढली की तो बोलणे आवरतो, वळणाची आठवण करून देतो. पलीकडच्या शहरात खुर्चीवर बसलेल्या माणसाला हे शक्य नाही.

म्हणजे बैलगाडीतला उतारू ओढ्याच्या उतारावर गप्प होत असे, ते गप्प होणे हीच सुरक्षेची सर्वांत जुनी यंत्रणा होती. निजामाच्या मोटारीतली काच ती तोडते. पण तेथे निदान चालकाचे मन रस्त्यावरच असे, त्याला कोणी उत्तर मागत नसे. आजच्या मोटारीत मालक आणि चालक एकच झाला. तो एकाच वेळी मागच्या आसनावर बसून हुकूम सोडतो आणि पुढच्या आसनावर बसून गाडी हाकतो. काच त्याच्या मनाच्या मधोमध उभी आहे.

आपला कायदा अजून हाताशीच थांबला आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या १८४ व्या कलमात ‘हातात धरलेले’ संपर्क उपकरण वापरणे हे धोकादायक वाहन चालवण्यात मोडते; ऑक्टोबर २०२० पासून नियमांनी केवळ मार्गदर्शनासाठी, लक्ष विचलित होणार नाही अशा बेताने, त्याला मुभा दिली. कायद्याला हात दिसतो; मन दिसत नाही. त्याला दोष देता येणार नाही, कारण मन पोलिसाला कॅमेऱ्यात पकडता येत नाही. ते ज्याचे त्यानेच पकडायचे.

आमच्या परंपरेत याला नेमका शब्द आहे. ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायाच्या आरंभी श्रोत्यांकडे मागणे आहे ते अवधानाचे. दुसरे काही नको, तेवढे द्या. आठ गोष्टींकडे एकाच वेळी लक्ष पुरवणाऱ्याला आपण ‘अष्टावधानी’ म्हणून गौरवतो, आणि हा गौरव दुर्मीळ आहे म्हणूनच गौरव आहे. सामान्य माणसाला एकच अवधान असते. त्यात दुसरे शिरले की त्याचे व्यवधान होते. जवळजवळ सारखे दिसणारे हे दोन शब्द एकमेकांच्या इतके विरुद्ध आहेत.

गेल्या गाळप हंगामातली रात्र. लातूरहून मुरुडकडे येत होतो. सर चालवत होते, मी शेजारी. फोन आला. सरांनी हिरवे बटण दाबले आणि त्यांच्या पुण्यातल्या मुलीचा आवाज इतका स्वच्छ उमटला की ती मागे बसली आहे असे वाटावे. नातवाच्या शाळेचे काहीतरी चालले होते. समोर अंधारात उसाने लादलेल्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर होता. मागे ना दिवा, ना लाल कापड. मी बोलणार होतो तो गप्पच झालो, पाय उगाच फरशीवर दाबला गेला. पलीकडे मुलगी बोलतच होती. तिला ऊस दिसत नव्हता. सरांनी अखेरच्या क्षणी ब्रेक लावला. उसाची टोके बॉनेटवर खसखसली, इतके आम्ही जवळ होतो.

“बाबा, ऐकताय ना?” मुलीने विचारले.

“ऐकतोय गं,” सर म्हणाले, “तेच चुकलं.” आणि त्यांनी तांबडे बटण दाबले.

ती यंत्रणा सरांनी काढून टाकली नाही. एवढी वाचून बसवलेली वस्तू काढवत नाही. पण आता मोटार सुरू करण्यापूर्वी ते घरच्यांना फोन करून सांगतात, निघतोय, तासभर बोलणार नाही. मुरुड ते लातूर तेवढा वेळ लागत नाही. उरलेला वेळ, ते म्हणतात, ट्रॅक्टरांसाठी ठेवलेला आहे.